चौथ्या पानावरची चौकट

निळा रंग डावीकडे सरकला होता. फार नाही, अर्धा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला फोटो जरासा मळकट वाटला असता, इतकंच. पण अनीसने पेपर खिडकीच्या उजेडात सपाट धरला, त्यावर भिंग ठेवलं, आणि फोटोतल्या उमाकांतच्या डावीकडच्या कानाबाहेर दुसरा एक निळा कान त्याला स्पष्ट दिसला. चष्म्याच्या दांडीलाही निळी सावली पडली होती. लाल रंगसुद्धा ओठांवर नीट बसलेला नव्हता. केसभर खाली उतरला होता.

अनीसला बरं वाटलं. असं बरं वाटणं काही चांगलं नव्हे, हेही त्याला कळत होतं. पण सकाळच्या चहाबरोबर एवढं एक सुख तो गेले चौदा महिने घेत आला होता. एवढ्या मोठ्या छापखान्यात, एवढ्या महागड्या यंत्रावर, ह्यांना चार रंग एकावर एक बसवता येत नाहीत. निवासी संपादकाला दोन कान छापतात.

फोटोखाली नाव होतं, उमाकांत बागूल. सत्तावीस वर्षं हा माणूस अनीसच्या समोरच्या स्टुलावर बसून बातम्या लिहीत आला होता आणि त्या काळात त्याचा फोटो पेपरात एकदाही छापून आला नव्हता. आपल्याच पेपरात आपलं थोबाड छापायचं नाही, असं तोच म्हणायचा.

मंगळ बाजारामागच्या बोळात अनीसच्या वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मिरचीच्या पोत्यांना लावायची लेबलं. सत्त्याण्णव साली उमाकांत तिथे आपल्या कवितांची वही छापायला म्हणून आला. कविता छापल्या गेल्याच नाहीत. दोघांनी मिळून पेपर काढला. उमाकांतकडे शब्द होते, अनीसकडे यंत्र. सायंदैनिक ‘पाणवठा’. चार पानं, एकच रंग, काळा. संध्याकाळी पाचला बाजारात. पेपरचं नाव दोघांच्या मालकीचं म्हणून दिल्लीला नोंदवलेलं, आणि चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, रोज छापलं जाई: मुद्रक अनीस गुलाब मन्यार, संपादक उमाकांत झिपरू बागूल. ती ओळ कोणी वाचत नसे. अनीस मात्र दर दिवशीच्या पहिल्या प्रतीवर भिंग ठेवून तीच आधी वाची.

त्या ओळीच्या वर एक चौकट असे. एका रकान्याची, दोन इंच उंच.

ही चौकट कशी आली, हे नंदुरबारात जुन्या माणसांना ठाऊक आहे. पेपर सुरू झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी उमाकांतची आई दगूबाई भर दुपारी गेली. पान तयार होऊन गेलेलं. अनीसने यंत्र सुरू केलेलं. आईच्या नावाऐवजी त्या दिवशी पेपरात सुविचार छापून आला, आणि दगूबाईला पोचवायला अकरा माणसं होती. अख्ख्या मोहल्ल्याची बाळंतपणं केलेली बाई ती. दुसऱ्या दिवशी माणसं दारात येऊन म्हणू लागली, कळलंच नाही हो. दशक्रियेनंतर उमाकांत छापखान्यात आला आणि म्हणाला, आजपासून चौथ्या पानावर एक जागा साडेतीनपर्यंत रिकामी ठेवायची. दुपारपर्यंत गावात जो कोणी जाईल त्याचं नाव तिथे. नाव, वय, कुठे गेला, आणि किती वाजता न्यायचं. चारच गोष्टी. हिंदू असो, मुसलमान असो, पाड्यावरचा असो. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

कोणी गेलं नाही, तर जागा भरायला सुविचार. त्याच्या चिठ्ठ्या बटर पेपरवर आधीच छापून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या असत. त्यातली एक काढून पानावर चिकटवायची की झालं. हळूहळू गावाला त्याची सवय लागली. माणसं पेपर शेवटच्या पानापासून उघडू लागली. चौकटीत सुविचार दिसला की म्हणत, चला, आज सगळे आहेत.

भाऊसाहेबांना पाणवठा हवा होता तो ह्या चौकटीसाठी.

तसं त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. तीनदा निवडून आलेले. कापसाची जिनिंग, दूध संघ, दोन कॉलेजं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी केबल घेतली. मग सकाळचे दोन पेपर घेतले, मग चौकाचौकांतल्या मोठ्या फलकांच्या जागा. पेपरांची नावं तीच राहिली, कचेऱ्या तशाच राहिल्या, पण एका सकाळी अनीसला भिंगाखाली दिसलं की दोन्ही पेपरांच्या तिसऱ्या पानावर, एकाच बातमीतल्या एकाच अक्षरावर, एकच बारीक ओरखडा आहे. म्हणजे प्लेट एकच. वरचं नाव तेवढं बदललेलं. त्याने ते उमाकांतला दाखवलं होतं. उमाकांत तेव्हा मोठ्याने हसला होता आणि त्यावर त्याने पाणवठ्यात अग्रलेख लिहिला होता.

त्यानंतर पाच महिन्यांनी भाऊसाहेबांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं.

बोलावणं दोघांना असेल, असं अनीस धरून चालला होता. त्या दिवशी त्याने बायकोला, अस्माला, ईदचा सदरा इस्त्री करायला सांगितला. नखांतली शाई रॉकेलने घासून काढली. जायचं, आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर नाही म्हणायचं, असं त्याने मनात ठरवलेलं. नाही म्हणायलाही बोलावणं यावं लागतं. तो दुपारपर्यंत सदरा घालून बसला. संध्याकाळी उमाकांत एकटाच आला. त्याने सांगितलं की आपण हो म्हटलं. पेपर चालवायला मागे बळ लागतं, कागदाचा भाव कुठे गेलाय, आपण आता साठीला आलो. त्याला निवासी संपादक केलं होतं. गाडी होती.

“तुन्हंबी काहीतरी दखसूत,” उमाकांत म्हणाला होता. तुझंही काहीतरी बघू.

काहीतरी. तो शब्द माशाच्या काट्यासारखा अनीसच्या घशात अडकला तो आजतागायत.

मालकी बदलायच्या कागदावर दोघांच्या सह्या लागत होत्या. उमाकांतची झाली. अनीस म्हणाला, विचार करतो. पुढच्या महिन्यात उमाकांत परत आला. अनीस म्हणाला, अजून विचार चाललाय. असे चौदा महिने गेले. पाणवठा तो आणि त्याची मुलगी महजबीन मिळून काढत राहिले. ती कॉम्प्युटरवर पान लावी, तो छापी. बातम्या कमी, चौकट मात्र रोज.

गावात त्याचं नाव झालं. निवृत्त शिक्षक दोधू मास्तर रोज सकाळी छापखान्याच्या पायरीवर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलत. “अनीसभाई, तू शेस म्हनीसन गावमा एक तरी पेपर शे. बाकीना बठा इकाई गयात.” अनीस शाईच्या फडक्याने रोलर पुसत राही आणि वर बघत नसे. मास्तरांना काय सांगणार? की मास्तर, मला कोणी विकत घ्यायलाच आलं नाही?

खरं ह्याहूनही वाईट होतं, आणि ते त्याने अस्मालाही सांगितलं नव्हतं. सही दिली की संपलं. दिली नाही तोवर उमाकांतला दर महिन्याला यावं लागे. ती पांढरी गाडी बोळाच्या तोंडाशी थांबे, आत शिरत नसे. उमाकांत गटार ओलांडून चालत येई, त्याच्या जुन्या स्टुलावर बसे, बशीत ओतून चहा पिई. जिल्ह्यात ज्याच्या शब्दावाचून पान हलत नाही तो भाऊसाहेब अनीस मन्यारच्या सहीसाठी खोळंबलेला, आणि ज्याला त्याने आपल्याकडे ओढून नेला तो उमाकांत अजून त्याच बशीत चहा पितोय. त्या दिवशी अनीसला रात्री शांत झोप लागे. मग आठ-दहा दिवसांनी पेपरात पुन्हा तो फोटो, कुठल्यातरी उद्घाटनात भाऊसाहेबांच्या खांद्यामागे उमाकांत. आणि अनीस पुन्हा भिंग घेऊन त्याचे कान मोजत बसे.

आज उमाकांतचा सकाळीच फोन आला. तीनला येतो, आज काय ते मिटवू, निवडणूक तोंडावर आलीय.

अकराच्या सुमारास पायरीशी एक बाई उभी राहिली. डोक्यावरून घेतलेला पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात घडी घातलेला आधार कार्डाचा कागद. मागे रस्त्यावर दोन माणसं उभी होती, ती आत आली नाहीत. महजबीनने तिला स्टूल दिलं. ती खालीच बसली.

तिचं नाव तुळशीबाई. धडगावच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. नवरा, जालमसिंग, दिवाळीपासून इथे जिनिंगला होता. काल दुपारी रचलेल्या रुईच्या गाठींतली वरची गाठ सुटली आणि त्याच्या छातीवर आली. रुईची एक गाठ पावणेदोनशे किलोची भरते. आता तो सरकारी दवाखान्यात होता, चिरफाड व्हायची होती. मॅनेजर म्हणत होता की आमच्या हजेरीत हे नाव नाही, माणूस आमचा नाही, आवारात कसा शिरला आम्हाला माहीत नाही. पाड्यावरच्या शाळेचे गुरुजी फोनवर तिला म्हणाले होते की पेपरात छापून आण. कुठे मेला ते छापून आलं, तर पुढे कोणीतरी विचारील.

जिनिंग कोणाची, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

ती आधी मोठ्या पेपरात गेली होती. काचेच्या दरवाजाच्या कचेरीत. तिथल्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग आत जाऊन फोन करून आला आणि उद्या या म्हणाला.

“चष्मेवाला साहेब,” ती म्हणाली. “चांगला बोलला. चहा पाजला. मी रडली तर खुर्चीवरून उठून उभा राहिला.”

दारात आलेल्या मयताच्या बायकोनेसुद्धा उमाकांतचंच चांगलं म्हणावं! अनीसने महजबीनला चहा सांगायला लावला, आणि आपण हे कशासाठी करतोय हे कळून त्याची त्यालाच लाज वाटली.

“नाव लिखजो भाऊ,” तुळशीबाई म्हणाली. “कुठं मेला ते पण लिखजो.”

महजबीनने लिहिलं. जालमसिंग खेत्या पावरा, वय एक्केचाळीस. जिनिंगचं नाव. रुईची गाठ अंगावर पडून निधन. दवाखान्यातून संध्याकाळी पाचला गावी नेणार. बाईने वाचून दाखवायला लावलं, दोनदा ऐकलं, आणि दवाखान्यात परत गेली. महजबीनने मजकूर बटर पेपरवर छापला, कात्रीने चौकटीच्या मापाने कापला आणि वडिलांच्या टेबलावर शिशाच्या वजनाखाली ठेवला.

अनीस त्या दोन इंची तुकड्याकडे बघत राहिला. एका माणसाचा जीव गेल्याचं वाचून माणसाला काय वाटायला हवं, ते त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं होतं ते वेगळंच. आता उमा सापडला. ह्याने दाबलेली बातमी आज पाचला अख्खा बाजार वाचील. मग बघू तिकडे खुर्ची कशी टिकते.

हे मनात आलं आणि त्याने तो तुकडा चिकटवायला घेतलेला हात मागे घेतला. बातमी खरी होती. छापणारा हात खरा नव्हता. त्याने महजबीनला सांगितलं, बाकीचं पान लाव, चौकट राहू दे. ती त्याच्याकडे बघून पुन्हा कामाला लागली.

बरोबर तीनला गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली.

उमाकांत आला तो घामाघूम. गाडीच्या गारव्यातून निघून बोळातल्या उन्हात चाळीस पावलं, तेवढ्यानेही आता त्याला धाप लागत होती. अनीसने ते टिपून ठेवलं. नवे बूट, नवी फ्रेम, शर्टाच्या खिशाला पेन एकच. पूर्वी तीन असत आणि एक नेहमी गळत असे. महजबीनला त्याने डोक्यावर हात ठेवून विचारपूस केली. ती काका म्हणाली, चहा ठेवला, आणि पडद्यामागे कॉम्प्युटरजवळ गेली.

आज उमाकांतने मालकी बदलाचा कागद आधी काढला नाही. त्याने दुसरं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी अनीसपुढे धरलं.

“वाच,” तो म्हणाला. “माले येळ लागना, पन मी करी दिधं.”

जाड, गुळगुळीत कागद होता. धुळ्याजवळच्या नव्या छापखान्यात मुद्रणप्रमुख म्हणून श्री. अनीस गुलाब मन्यार. चार रंगांचं नवं यंत्र, ताशी तीस हजार प्रती. आणि खाली एक ओळ: समूहाच्या सर्व दैनिकांवर मुद्रक म्हणून आपले नाव प्रसिद्ध होईल.

सर्व दैनिकांवर. पाच जिल्ह्यांत.

“भाऊसाहेबनी सोता नाव लिधं तुन्हं,” उमाकांत सांगत होता. “म्हने, त्या पाणवठावाला अनीसभाईले आपन कसं काय इसरी गऊत. मी म्हंतं, त्याना हात यंत्रले लागना तर रंग हालाव नही.”

अनीसने सवयीने भिंग उचललं आणि आपल्या नावावर ठेवलं. अक्षरांच्या कडा धारदार होत्या, शाई कुठे फुटलेली नव्हती. चौदा महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. सदरा घालून बसलेल्या त्या दुपारचं बोलावणं आज पोचलं होतं. त्याचे कान गरम झाले. दोधू मास्तरांचा चेहरा क्षणभर समोर आला, पण मास्तरांना काय, ते पायरीवर बसणार आणि बोलणार. त्यांनी कधी रात्रंदिवस एकाच काळ्या रंगात काम केलंय? हे नवं यंत्र त्याच्या हाताखाली आलं असतं, तर निळा रंग अर्धा मिलिमीटर काय, केसभरही हलला नसता.

उमाकांतने आता मालकीचा कागद उलगडला आणि टेबलावर ठेवला. स्वतःचं पेन काढून टोपण उघडून दिलं. अनीसने ते घेतलं.

“आनि आज फक्त एक कर,” उमाकांत म्हणाला. तो अनीसकडे बघत नव्हता. शिशाच्या वजनाखालच्या तुकड्याकडे बघत होता. त्याने तो आत येतानाच पाहिला असणार. इतकी वर्षं ज्याने तो तुकडा रोज वाचला, त्याला तो उलटाही वाचता येत होता. “आजना दिन चौकटमा सुविचार टाक.”

पडद्यामागे कॉम्प्युटरच्या कळांचा आवाज थांबला.

“ती बाई उनी व्हती ना तुन्हाकडे,” अनीस म्हणाला.

“उनी व्हती.”

“चाय पाजा तू तिले.”

उमाकांतने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. मग तो हळू आवाजात बोलत राहिला, बराच वेळ. की एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या-परवा आपण नीट बातमी लावू, कामगार खात्याचं म्हणणं घेऊन, सगळ्या बाजू बघून. त्या बाईला काही मिळेल असं आपणच आतून बघू. आज ते छापून आलं, तर विरोधक उचलतील, मेलेल्या माणसाचं राजकारण होईल, त्यात तिच्या पदरात काय पडणार? सगळं ऐकायला बरोबर होतं. उमाकांतचं लिहिणं असंच असे. एकेक वाक्य धरून बघितलं तर कुठेच चूक सापडायची नाही.

बोलता बोलता त्याने हात लांब करून फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. न बघता. डबा अजून त्याच जागी होता. त्याने झाकण उघडलं, आतल्या चिठ्ठ्या बोटांनी चाळल्या आणि त्यांतली एक वेचून टेबलावर ठेवली. त्याने ती वाचून निवडली, हे अनीसने पाहिलं. पिवळी पडलेली चिठ्ठी होती, शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळातली.

उमाकांतची बोटं स्वच्छ होती. नखं एकसारखी कापलेली, कुठेही डाग नाही. ती बोटं आधीच सरळ असलेली चिठ्ठी पुन्हा पुन्हा सरळ करत होती. सकाळी कागदावरचे त्याचे कान मोजताना अनीसला हे दिसलं नव्हतं, कारण फोटोत हात आलेले नव्हते.

“उमा,” अनीस म्हणाला. “दगूमाय गई तवय कितला मानसं व्हतात?”

बाहेर कोणीतरी मिरचीच्या पोत्यांची हातगाडी ढकलत नेली, बोळात तिखट धूळ शिरली, आणि दोघांनाही एकदम ठसका आला. ठसका ओसरल्यावर उमाकांतने डोळे पुसले.

“मन्ही मायनं नाव आठे नको काढू, भाई,” तो म्हणाला. “अकरा व्हतात. मी इसरेल नही.”

“मंग?”

“मंग काय. साठमा चार कमी राहिनात आपला. मी आते कोठे जाऊ?”

अनीस त्याच्याकडे बघत राहिला आणि आपल्या आतला तो हेवा शोधू लागला. सकाळी तो होता. अकरा वाजता होता. ह्या पाकिटातला कागद वाचेपर्यंत होता. पडलेल्या दाताची जागा जीभ चाचपते तसा त्याने चाचपून पाहिला. तिथे काही नव्हतं. हा माणूस आपल्याला सोडून कुठेतरी वर गेला, असं तो चौदा महिने समजत होता. तो वर गेलाच नव्हता. तो रोज कोणाच्यातरी फोनसाठी आतल्या खोलीत जात होता, आणि बाहेर येऊन उद्या या म्हणत होता.

“अब्बा,” महजबीन पडद्यामागून म्हणाली, “साढेतीन हो रहे. चौकट का क्या करूँ?”

अनीसने पेनाला टोपण लावलं आणि ते उमाकांतच्या खिशात परत अडकवलं. पिवळी चिठ्ठी उचलून डब्यात टाकली, डबा फळीवर ठेवला. मग शिशाचं वजन बाजूला केलं, जालमसिंगचा तुकडा चिमटीत धरून मागच्या बाजूला गोंद लावला, आणि पडद्यामागे जाऊन पानाच्या रिकाम्या जागेवर ठेवला. कडा रेषेला लावून पाहिल्या. किंचित तिरपा होता. त्याने तो नखाने सरळ केला आणि अंगठ्याने दाबला.

परत आला तेव्हा उमाकांत तसाच बसला होता. बशीतल्या चहावर साय आली होती. मालकीचा कागद आणि पाकीट टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. अनीसने दोन्ही घड्या घालून त्याच्या मांडीवर ठेवले. चौदा महिन्यांत ‘नाही’ हा शब्द त्याने इतक्या वेळा तोंडाशी आणून गिळला होता, की तो इतका साधा असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“गाव माले ताठ कणाना म्हनस,” तो म्हणाला. “कणा कसाना. मी तुन्हावर जळत व्हतू. सही दिधी तर तू येवाव नही, म्हनीसन लांबाडत व्हतू.”

उमाकांतने मान वर केली.

“मी सही करत नही, उमा. आज बी नही, पुढे बी नही. आते तुले येवानी गरज नही.”